पान १८६

अण्णा, अ-३०४: सर्व सभासदांना नमस्कार. मेजरसाहेबांचं पुस्तक प्रत्येक फ्लॅटला मिळालं, आनंद आहे. पण २०१९ च्या महापुराचं पान १८६ कुणी वाचलंय का? "अ विंगमधले एक गृहस्थ पहिल्याच बोटीत मायक्रोवेव्ह मांडीवर घेऊन बसले." याचा खुलासा पाहिजे.

सेक्रेटरी: अण्णा, नमस्कार. पुस्तकात कुणाचंही नाव नाही. वाटपाला सोसायटीचा एक रुपया लागलेला नाही. कृपया नोंद घ्यावी 🙏

बंड्या, ब-१०२: अ विंगमध्ये गृहस्थ आठ. २०१९ ला मायक्रोवेव्ह एकाकडंच 😂

अण्णा, अ-३०४: बंड्या, तू तेव्हा पुण्यात होतास. वडिलांना फोन दे.

काकू, ब-२०१: पुस्तक छान झालंय हो. मी पहिली चाळीस पानं वाचली. देवळालीच्या ट्रेनिंगचं काय मजेशीर लिहिलंय. अक्षर मात्र बारीक आहे.

काकू, ब-२०१: आणि आमच्या दारात चपला कोण सोडतंय ते आधी सांगा.

अण्णा, अ-३०४: विषय चपलांचा नाही. पान १८६.

जोशी सर, क-३०१: अण्णा, १८६ च्या आधी पान ६१ वाचा. सहा सप्टेंबर १९६५, पठाणकोट. साहेब तेव्हा तेवीस वर्षांचे. बासष्टच्या युद्धानंतर सैन्यानं इमर्जन्सी कमिशन देऊन जी पोरं घेतली, त्यातले. विमानतळाच्या कडेला चाळीस मिलिमीटरच्या विमानवेधी तोफा. एक जण हँडल मारून तोफ आडवी फिरवणार, दुसरा नळी वर-खाली करणार, तिसरा चार-चार गोळ्यांची क्लिप वरून घालत राहणार. आपली मिस्टेअर विमानं त्या दिवशी मोहिमेवर जाऊन-येऊन होती. संध्याकाळी झाडांच्या शेंड्यांवरून विमानं आली. साहेब लिहितात, "मला ती आपलीच वाटली. तोफा थांबवायला मी हात वर धरून ठेवला. तीन सेकंद." ती पाकिस्तानची सेबर होती. आठ.

जोशी सर, क-३०१: ताशी आठशे किलोमीटरनं येणारं विमान तीन सेकंदांत साडेसहाशे मीटर पुढं जातं. हिशोब करून बघा. आपली दहाएक विमानं जमिनीवर जळाली, त्यात रशियाकडून नवी कोरी आलेली मिग-२१ पण होती. आठही सेबर परत गेली. हे त्या माणसानं स्वतःबद्दल छापलंय. स्वतःच्या पैशानं.

देसाई वहिनी, अ-१०१: बाप रे. हे आपल्याला कधी बोलले नाहीत.

बंड्या, ब-१०२: तोफ म्हणजे बोफोर्स ना? एल-सत्तर? २०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरला ड्रोन पाडले ती. नाद खुळा 🔥

जोशी सर, क-३०१: कंपनी तीच, पण ती एल-साठ. मिनिटाला साधारण १२० गोळ्या. एल-सत्तर तिची धाकटी बहीण, मिनिटाला तीनशे.

पाटील, क-१०२: बोफोर्स म्हणजे त्यात पैसे खाल्ले तीच ना?

जोशी सर, क-३०१: नाही हो. ते १९८६ चं कंत्राट. १५५ मिलिमीटरची हॉवित्झर. ती जमिनीवर मारते, ही आभाळात. ती कारगिलला चालली.

पाटील, क-१०२: चालली म्हणजे पैसे खाल्ले नाहीत असं होत नाही.

कदम, अ-२०२: झालं सुरू. पाटील, सगळ्या गोष्टीत तुमचं तेच.

पाटील, क-१०२: कदम, तुम्ही टाकीच्या साफसफाईची बिलं दाखवा आधी.

सेक्रेटरी: राजकीय चर्चा या ग्रुपवर करू नये. बिलं ऑफिसमध्ये सोमवार ते शनिवार ६ ते ७ बघायला मिळतील.

अण्णा, अ-३०४: पान १८६ बद्दल अजून उत्तर मिळालेलं नाही.

देसाई वहिनी, अ-१०१: अण्णा, जाऊ द्या की. किती वर्षं झाली.

अण्णा, अ-३०४: वहिनी, तुमच्या घरात पाणी माळ्यापर्यंत होतं म्हणून सगळ्यांनी तुम्हाला मदत केली. आमचा तिसरा मजला, आम्हाला कोण विचारणार? मायक्रोवेव्ह हप्त्यावर घेतलेला होता. अकरा हप्ते राहिले होते. ते पुस्तकात आहे का?

काकू, ब-२०१: हे मात्र खरं आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाला ५७ फूट पाणी झालं होतं. धोक्याची पातळी ४५. त्या रात्री कोण काय उचलत होतं याचं भान कुणाला होतं? मी देव सोडून कुकर घेतला होता.

बंड्या, ब-१०२: काकू 😂😂

काकू, ब-२०१: हसू नको. शिट्टी पण घेतली नव्हती.

देसाई वहिनी, अ-१०१: मेजर आजोबा रात्रभर जिन्यात बॅटरी घेऊन बसले होते. तासातासाला भिंतीवर खडूनं पायरीचा नंबर आणि वेळ. "पायरी ४, ३.१०." "पायरी ६, ४.०५." माझ्या डोळ्यांसमोर आहे. आम्ही रडायला लागलो तर म्हणाले, वेग कमी झालाय, घाबरू नका. आभाळाकडं बघत बसायची सवय, म्हणाले, आता खाली बघायला लागलोय.

पाटील, क-१०२: ती भिंत कमिटीनं रंगवली. विचारलं होतं का कुणाला?

सेक्रेटरी: वार्षिक सभेत ठराव झाला आहे. आपण उपस्थित नव्हता.

काकू, ब-२०१: रंगवली तरी पावसाळ्यात ओल आली की आकडे वर येतात. सहावी पायरी अजून दिसते. रंगाचा ठेकेदार कुणाचा मेव्हणा होता ते पण सगळ्यांना माहीत आहे.

कदम, अ-२०२: काकू, नाव घेऊन बोला.

काकू, ब-२०१: मी कुठं काय बोलले?

घोरपडे मामा, ब-३०३: येताना एक किलो भडंग आणि फिनेल. मिरजेचा गाडीवाला आला तर थांबवून ठेव.

घोरपडे मामा, ब-३०३: चुकून इथं पडलं. क्षमस्व.

बंड्या, ब-१०२: मामा दोन किलो आणा, ग्रुपला 😄

अण्णा, अ-३०४: "अ विंगमधले एक गृहस्थ." तिसऱ्यांदा विचारतो. आमच्या सुनेच्या माहेरच्यांनी पण वाचलंय. तासगावातनं फोन आला. हसत होते.

जोशी सर, क-३०१: अण्णा, राग समजू शकतो. पण ज्यानं पान ६१ लिहिलं त्याला १८६ लिहायचा हक्क आहे. त्यांना सगळे विचारतात, साहेब, दोन युद्धांत किती विमानं पाडली? दहा तोफा एकाच विमानावर मारत असतात, गोळी कुणाची लागली हे कोण सांगणार? म्हणून "मोजणं आमच्या हातात नव्हतं" एवढं लिहून सोडून दिलंय. दुसरा असता तर बारा पाडली म्हणाला असता. आणि वर मारलेलं खाली पण येतं. गोळीचे तुकडे स्वतःच्याच तंबूवर पडून चहाचं भांडं फुटलं, ते पण लिहिलंय.

अण्णा, अ-३०४: त्यांनी त्यांचं भांडं लिहावं. माझा मायक्रोवेव्ह कशाला?

पाटील, क-१०२: मुद्दा बरोबर आहे अण्णांचा.

कदम, अ-२०२: आता तुम्ही अण्णांच्या बाजूचे झालात? पार्किंगच्या वेळी काय बोलला होता त्यांना?

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक टीका टाळावी. मेजरसाहेब ग्रुपवर आहेत. ते वाचत आहेत.

देसाई वहिनी, अ-१०१: अय्या, आहेत का? मला वाटलं त्यांचा फोन साधा आहे.

बंड्या, ब-१०२: नातीनं मागच्या महिन्यात नवा दिलाय. निळी टिक दिसायला लागलीय सकाळपासून.

मेजरसाहेब, ब-३०१: अण्णा, नमस्कार. टाईप करायला वेळ लागतो, माफ करा. दुपारी ट्रंकेतून २०१९ ची वही काढली. ७ ऑगस्टची नोंद बघितली. मायक्रोवेव्ह होता, पण तुमची बोट दुसरी. मी आठवणीवर लिहिलं, वही उघडली नाही. चूक माझी.

अण्णा, अ-३०४: धन्यवाद. मी हेच सकाळपासून सांगायला लागलोय.

मेजरसाहेब, ब-३०१: पुढचं पण सांगतो. पहिल्या बोटीत माझी वह्यांची ट्रंक गेली. पत्र्याची, काळी. बोटवाला म्हणाला, आजोबा, एका माणसाची जागा जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. त्या माणसाला पुढच्या बोटीसाठी दीड तास थांबावं लागलं. तो माणूस म्हणजे घोरपडे.

घोरपडे मामा, ब-३०३: मला आठवत नाही हो साहेब.

मेजरसाहेब, ब-३०१: मला आठवतं. वहीत आहे, पुस्तकात घातलं नाही. चिठ्ठ्या छापून घेतो. उद्या संध्याकाळी पुस्तकं दाराबाहेर ठेवा, १८६ वर चिकटवून देतो. खळ घरात आहे.

देसाई वहिनी, अ-१०१: आजोबा, गुडघे दुखतात ना तुमचे, तीन विंगा चढणार? बंड्या जाईल.

बंड्या, ब-१०२: जातो की. भडंग द्या.

अण्णा, अ-३०४: चिठ्ठीत "अ विंग" हा उल्लेख नको.

मेजरसाहेब, ब-३०१: बरं.

काकू, ब-२०१: उद्या पाणी साडेसहाला की सातला?

सेक्रेटरी: सात.

बंड्या, ब-१०२: अण्णा, एक विचारू का. तो मायक्रोवेव्ह अजून चालतो?

अण्णा, अ-३०४: चालतो.