वंशावळीच्या संकेतस्थळांवर शोध घेताना सभासदांनी चढवलेली माहिती वगळावी का?

मांजराकाठ (लातूर)

वंशावळीच्या संकेतस्थळांवर दोन प्रकारची सामग्री असते. एक म्हणजे जन्म-मृत्यू, जनगणना, विवाह यांसारख्या मूळ नोंदी आणि त्यांची सूची. दुसरी म्हणजे सभासदांनी स्वतः चढवलेले वंशवृक्ष, जुनी छायाचित्रे, कागदांच्या प्रती आणि घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या हकिकती. नव्याने शोध घेणाऱ्याला सर्रास असा सल्ला दिला जातो की, दुसऱ्या प्रकारची सामग्री बेभरवशाची असल्यामुळे शोधाच्या चाळणीतून ती आधीच काढून टाकावी. मराठवाड्यातील माणसाने हा सल्ला मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते मी कारणांसह मांडतो.

17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपला प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळातील महसुली दप्तर मुख्यतः उर्दूत, काही कागद मोडीत, आणि त्यांतील नावांची संगणकावर शोधता येईल अशी सूची या परदेशी संकेतस्थळांवर जवळजवळ नाहीच. अमेरिकेतील किंवा इंग्लंडमधील घराण्यांचा शोध घेणाऱ्याला मूळ नोंदींत शेकडो उत्तरे मिळतात. औंढा किंवा निलंगा तालुक्यातील पणजोबांचे नाव टाकणाऱ्याला मूळ नोंदींच्या विभागात बहुधा काहीच मिळत नाही. जे मिळते ते कोणीतरी आपल्या भावकीतल्या, पुण्याला किंवा परदेशात गेलेल्या माणसाने घातलेल्या वंशवृक्षात मिळते. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर यासाठी ‘जिनिऑलॉजीज’ हा वेगळा विभाग आहे, अ‍ॅन्सेस्ट्री या दुसऱ्या संकेतस्थळावर सभासदांचे सार्वजनिक वंशवृक्ष वेगळे निवडून शोधता येतात. तेच गाळून टाकले, तर आपल्या हाती काय उरते?

ही सामग्री शोधण्याची रीत मात्र निराळी आहे, आणि ती ठाऊक नसल्यामुळेच पुष्कळांना ती निरुपयोगी वाटते. उदगीरचे उदाहरण घ्या. उदगीर 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यात होते, नंतर उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि 1982 मध्ये लातूर जिल्हा झाला तेव्हापासून लातुरात आहे. त्यामुळे 1935 साली उदगीरला जन्मलेल्या एकाच माणसाचे जन्मस्थान एका वंशवृक्षात बिदर, दुसऱ्यात उस्मानाबाद आणि तिसऱ्यात लातूर असे दिसते, आणि ज्याने फक्त लातूर निवडले त्याला उरलेले दोन वृक्ष दिसतच नाहीत. जालना 1981 मध्ये औरंगाबादपासून आणि हिंगोली 1999 मध्ये परभणीपासून वेगळे झाले. तेथेही हाच घोळ आहे. म्हणून जिल्हा रिकामा ठेवून गावाचे नाव टाकावे, आणि गावाचेही जुने नाव टाकून पाहावे: अंबाजोगाईसाठी मोमिनाबाद, धाराशिवसाठी उस्मानाबाद.

सर्वांत जास्त फसवणूक होते ती सालाच्या रकान्यात. जुन्या कागदावर फसली सन, म्हणजे महसुली कामासाठीची वर्षगणना, असतो. दख्खनच्या फसली सनात साधारण 590 मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे फसली 1345 हे 1935-36 होय. पण कागदावरचा आकडा जसाच्या तसा रकान्यात भरणारे सभासद थोडे नाहीत, आणि मग तो माणूस चौदाव्या शतकात जन्मलेला दिसतो. आपण 1935 च्या पुढे-मागे पाच वर्षे अशी मर्यादा घातली, तर हा वृक्ष कधीही समोर येणार नाही. यासाठी एक शोध सालाशिवाय आणि एक फसली आकड्याने अवश्य घ्यावा. एवढे केल्यावरही काही सापडले नाही, तर मग सभासदांच्या माहितीला दोष द्यावा.

दुधना (परभणी)

मी महसूल खात्यात नोकरी केली असून वारसांची प्रकरणे आणि वंशावळीची शपथपत्रे जवळून पाहिली आहेत. धागाकर्त्यांनी शोधाची जी रीत सांगितली ती उपयुक्त आहे, परंतु त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही. ही सामग्री शोधात मुळात बंद असावी, आणि ज्याला हवी त्याने समजून-उमजून ती सुरू करावी.

पहिले कारण असे की, या संकेतस्थळांवर एकाचा वृक्ष दुसरा उचलतो, दुसऱ्याचा तिसरा. एका चुकीच्या नोंदीच्या दहा प्रती झाल्या की शोध घेणाऱ्याला वाटते, दहा जण एकच गोष्ट सांगत आहेत. आपल्याकडे तर आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल असल्यामुळे विठोबा, नामदेव, पुन्हा विठोबा, पुन्हा नामदेव अशा ओळी जागोजागी आहेत. गावाबाहेरचा माणूस दोन नामदेवांना एक समजतो आणि मधल्या दोन पिढ्या नाहीशा होतात. त्यात एखादे दत्तकविधान असेल, तर जन्मघराण्याकडून एक आणि दत्तक घराण्याकडून एक असे दोन वृक्ष तयार होतात. दोन्हींत अर्धेच सांगितलेले असते. फॅमिलीसर्चचा सामायिक वंशवृक्ष कोणीही बदलू शकतो. आज पाहिलेला बाप उद्या बदललेला असतो. बदलांचा इतिहास तेथे दिसतो हे खरे, पण तो उघडून पाहणारे किती?

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. मराठवाड्यात वंशावळ हा केवळ हौसेचा विषय राहिलेला नाही. 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, जिल्हा प्रशासनाने जुन्या कागदांची छायाचित्रे आपापल्या संकेतस्थळांवर ठेवली, आणि तेव्हापासून सापडलेल्या नोंदीशी आपले नाते जोडण्याची गरज असंख्य कुटुंबांना निर्माण झाली. जातपडताळणीत इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा पाहिला जातो. तेथे संकेतस्थळावरून छापून आणलेला वंशवृक्ष पुराव्यात धरत नाहीत. तरीही लोक तो आणतात, त्यावर विसंबून शपथपत्र करतात आणि पुढे अडचणीत येतात. ज्या माहितीमागे कोणाचा तरी लाभ उभा असू शकतो, ती मूळ नोंदीच्या शेजारी, त्याच यादीत, त्याच अक्षरांत दाखवणे हे शोध घेणाऱ्याची दिशाभूल करणारे आहे.

मांजराकाठ (लातूर)

पुरावा आणि माग या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वंशवृक्ष पडताळणी समितीपुढे ठेवावा असे मी कुठेही म्हटलेले नाही. त्या वृक्षातून मला गावाचे नाव कळते, चुलत शाखेचे आडनाव कळते, आणि तो चढवणाऱ्याला निरोप पाठवून त्याच्याकडे कोणता कागद आहे हे विचारता येते. मूळ कागदापर्यंत जाण्याची वाटच बंद करून मूळ कागद पाहा असे सांगणे मला न्याय्य वाटत नाही. राहिला प्रश्न प्रतींचा. दहा वृक्षांत एकच चुकीची तारीख आणि एकच चुकीचे शुद्धलेखन असेल, तर ते एकाच हातचे आहे हे लगेच ओळखता येते. कोणत्या वृक्षाला कागद जोडलेले आहेत एवढे पाहिले, तरी त्यांतील बहुतेक बाजूला पडतात.

गोदाकाठ (नांदेड)

मी उर्दू शिकवतो आणि लोक माझ्याकडे जुने कागद वाचून घेण्यासाठी येतात. त्यामुळे या वादात मला दोन्ही बाजूंकडून एक मुद्दा सुटलेला दिसतो. सभासदांनी चढवलेल्या सामग्रीत वंशवृक्षांपेक्षा कागदांची छायाचित्रे कितीतरी मोलाची आहेत. 1954-55 चे खासरा पाहणी पत्रक, इनामाची सनद, शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा असे कागद लोकांनी मोठ्या आस्थेने चढवलेले असतात. पण शोधयंत्र छायाचित्रातील उर्दू किंवा मोडी अक्षरे वाचेल हा भरवसा धरता येत नाही. चढवणाऱ्याने दिलेले शीर्षक आणि जोडलेली नावे यांवरच मुख्य भिस्त राहते. शीर्षक ‘आजोबांचा कागद’ असेल आणि कोणाचेही नाव जोडलेले नसेल, तर तो कागद असूनही नसल्यासारखा आहे. शोधात ही सामग्री सुरू असावी की बंद, यावर वाद घालण्याआधी ती शोधण्याजोगी नाही हे मान्य करावे लागेल.

नावांचीही गोष्ट सांगतो. जुन्या उर्दू कागदांत पुष्कळदा आडनाव नसतेच; ‘मारुती वल्द संतोबा’, म्हणजे संतोबाचा मुलगा मारुती, एवढेच असते आणि पुढे गाव. म्हणून आडनावाचा रकाना मोकळा ठेवून, मुलाचे नाव, बापाचे नाव आणि गाव या तिघांवर शोध घ्यावा. उर्दू लिपीत ळ आणि ण यांना स्वतंत्र अक्षरे नाहीत, त्यामुळे काळे यांचे काले होते, चव्हाण यांचे चौहान होते, आणि तेच वाचून कोणीतरी रोमन लिपीत भरलेले असते. रोमन नावाच्या मधल्या अनिश्चित अक्षरांच्या जागी तारांकन (*) घातले, तर अनेक लेखनभेद एकाच शोधात येतात. फॅमिलीसर्च आणि अ‍ॅन्सेस्ट्री या दोन्ही ठिकाणी ही सोय आहे, पण ती वापरणारा मला क्वचितच भेटतो.

बालाघाट (अंबाजोगाई)

आपण तिघेही बापाकडून आजोबांकडे आणि तेथून पणजोबांकडे चालला आहात. माझ्या आईच्या आईचे माहेर मला शोधायचे होते, आणि त्या शोधात जुन्या महसुली कागदांचा मला काहीच उपयोग झाला नाही, कारण त्यांत खातेदार म्हणून दिसतो तो बहुधा पुरुष. लग्नानंतर बाईचे आडनाव बदलते आणि आपल्या काही घरांत तर नावही बदलत असे. माहेरचे नाव, गाव आणि भावांची नावे कुठे लिहिलेली असतील, तर ती घरच्यांनीच आठवून लिहिलेली असतात. सभासदांची सामग्री शोधातून वगळणे म्हणजे बायकांना वंशावळीतून वगळणे आहे, म्हणून त्या बाबतीत मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे.

परंतु ती जशीच्या तशी सर्वांना खुली असावी, याला माझा ठाम विरोध आहे. हयात व्यक्तींचा तपशील ही संकेतस्थळे झाकतात, पण माणूस हयात आहे की नाही हे चढवणाऱ्याने काय भरले यावर पुष्कळसे अवलंबून असते; आणि वृक्षात झाकलेले नाव जोडलेल्या छायाचित्रात उघडे पडते. वंशावळीच्या शपथपत्रात हयात भावंडांची नावे, वये आणि पत्ते असतात, शाळेच्या दाखल्यावर जात आणि जन्मतारीख असते. दुसरे लग्न, दत्तक, सोडचिठ्ठी या गोष्टी घरात सर्वांना ठाऊक असतात, म्हणून त्या जगाला ठाऊक व्हाव्यात असे होत नाही. 2023 मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यामागचा संमतीचा विचार आपण भावकीच्या बाबतीतही पाळला पाहिजे. अ‍ॅन्सेस्ट्रीवर वृक्ष खाजगी ठेवला, तरी नाव, जन्मसाल आणि स्थळ एवढे शोधात दिसू देता येते, आणि पुढचे पाहण्यासाठी मालकाची परवानगी मागावी लागते. आपल्याकडील प्रत्येक वृक्षासाठी मला हीच पद्धत योग्य वाटते.

दुधना (परभणी)

बालाघाट ताईंचा खाजगीपणाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मात्र बायकांची नावे फक्त घरच्यांच्या आठवणीत मिळतात, हे विधान दुरुस्त करावे लागेल. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलींना वडिलांच्या मालमत्तेत वारसा मिळाला. त्यानंतरच्या वारस फेरफारात आणि तलाठ्याकडील गाव नमुना सहा-क या वारस नोंदवहीत विधवेचे आणि मुलींचे नाव येऊ लागले. बहिणींनी भावांच्या नावे हक्कसोड केली असेल, तर त्या कागदात प्रत्येक बहिणीचे सासरचे नाव आणि गाव मिळते. आपल्या आजींच्या वडिलांचे निधन 1956 नंतर झाले असेल आणि त्यांच्या नावे जमीन असेल, तर माहेरच्या गावचा वारस फेरफार मागवून पाहावा. मूळ दप्तर पुरेसे धुंडाळण्याआधीच लोक वंशवृक्षाकडे वळतात, हीच माझी तक्रार आहे.

बालाघाट (अंबाजोगाई)

आपण सांगितलेला मार्ग मी अवश्य अवलंबीन. पण फेरफार मागायला गावाचे नाव आधी ठाऊक असावे लागते, आणि माझी अडचण नेमकी तीच होती. ज्यांच्या वडिलांच्या नावे जमीनच नव्हती, त्या बायकांसाठी तर हक्कसोडही नाही आणि फेरफारही नाही.

गोदाकाठ (नांदेड)

परवानगी मागण्याच्या पद्धतीत एक मोठी अडचण आहे. वृक्ष चढवणारे अनेक जण वयस्कर असतात. त्यांच्या पश्चात निरोपाला उत्तर देणारे कोणी उरत नाही, आणि खाजगी ठेवलेला वृक्ष कायमचा बंद राहतो. चढवतानाच घरातील एखाद्या तरुणाला संपादनाचा अधिकार देऊन ठेवावा, असे मी माझ्याकडे येणाऱ्यांना आग्रहाने सांगतो.

मांजराकाठ (लातूर)

गोदाकाठ यांची सूचना सर्वांनी आजच अमलात आणावी. हयात माणसांचे कागद झाकले जावेत, हेही मी स्वीकारतो. परंतु दुधना यांच्या म्हणण्याप्रमाणे ही सामग्री मुळात बंद ठेवली, तर सर्वांत आधी दिसेनासे होतील ते याच दिवंगत माणसांचे वृक्ष, कारण त्यांच्या वतीने ते सुरू करा म्हणून सांगणारे कोणी नाही. उदगीर, बिदर जिल्हा, फसली 1345 अशी नोंद स्वतःच्या आठवणीवरून करू शकणारी पिढी आता फार थोडी उरली आहे. त्यांनी लिहिलेल्या मजकुरापुढे ‘पडताळलेले नाही’ असा ठळक शेरा लावावा, जोडलेला कागद नसेल तर तेही लिहावे, पण शोधात तो पहिल्याच यादीत आला पाहिजे, या मतावर मी ठाम आहे.