एक्सएमएलसाठी विकतचा संपादक घ्यावा, की मोफत साधनांवर भागवावे?

शनिवारपेठी:
आमच्या छोट्या कार्यालयात एका मराठी कोशाच्या नोंदी एक्सएमएलमध्ये, म्हणजे मजकुराच्या प्रत्येक भागाला कोनी कंसातला टॅग लावून, ठेवण्याचे काम चालू असून, कोणता टॅग कुठे चालेल हे रिलॅक्स एनजी स्कीमाने, म्हणजे नियमावलीने, बांधून दिलेले आहे. नोंदी तपासणारे दोघे निवृत्त मुद्रितशोधक आहेत. ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांच्या नजरेतून सुटत नाही, पण कोनी कंसांची गर्दी दिसली की त्यांचा हात आखडतो. ऑक्सिजन या विकतच्या एक्सएमएल संपादकाच्या ऑथर दृश्यात सीएसएसमुळे, म्हणजे मांडणीच्या नियमांमुळे, नोंद छापील पानासारखी दिसते आणि एंटर दाबल्यावर त्या जागी चालणाऱ्या टॅगांचीच यादी पुढे येते. म्हणून त्याचा परवाना घ्यावा, असे माझे मत आहे. एक्सएमएलस्पाय हा दुसरा विकतचा संपादक केवळ विंडोजवर चालतो आणि आमचे संगणक लिनक्सवर आहेत, त्यामुळे तो पर्याय आपोआप बाद झाला.

कोथरूडकर:
मला हा खर्च पटत नाही. व्हीएस कोड या मोफत संपादकात रेड हॅट कंपनीचे एक्सएमएलचे विस्तारक बसवले की टॅग सुचवले जातात आणि चूक असलेल्या ओळीखाली लाल रेघ येते. एकगठ्ठा तपासणीसाठी एक्सएमएललिंट हे मोफत साधन आहे. राहिले रूपांतर. अक्षरवार गट पाडून अनुक्रमणिका करायची, तर एक्सएसएलटी या रूपांतराच्या भाषेच्या १९९९ च्या १.० आवृत्तीत ‘की’ नावाची सोय वापरून द्राविडी प्राणायाम करावा लागतो आणि ती भाषा चालवणारे एक्सएसएलटीप्रोक हे साधन त्याच आवृत्तीवर थांबलेले आहे, हे मान्य. पण २००७ च्या २.० आवृत्तीत गट पाडण्याची थेट सोय आली आणि ३.० पर्यंतच्या आवृत्त्या चालवणारे सॅक्सन-एचई फुकट मिळते. ऑक्सिजनच्या पोटातही सॅक्सनच आहे.

शनिवारपेठी:
एक्सएमएललिंटचा अनुभव आम्ही घेतला आहे. फॉरमॅटचा पर्याय देऊन एक फाइल नीट मांडून घेतली, तर त्यातील सगळे देवनागरी गायब झाले आणि प्रत्येक अक्षराच्या जागी अँपरसँड, हॅश आणि युनिकोड क्रमांक आला. मुद्रितशोधकांनी ती फाइल उघडून तशीच माझ्याकडे सरकवली.

कोथरूडकर:
आपल्या फाइलीत पहिल्या ओळीची एन्कोडिंगची, म्हणजे अक्षरे कोणत्या पद्धतीने साठवली आहेत याची, घोषणा नसणार. एन्कोडचा पर्याय देऊन यूटीएफ-८ सांगितले असते, तर अक्षरे तशीच राहिली असती. शिवाय पार्सरच्या, म्हणजे एक्सएमएल वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या, लेखी तो क्रमांक आणि ते अक्षर एकच असल्याने मजकूर बिघडलेला नाही.

शनिवारपेठी:
घोषणा नव्हती हे खरे, पण ती नसल्यास आणि बाहेरून वेगळे काही सांगितलेले नसल्यास यूटीएफ-८ किंवा यूटीएफ-१६ धरावे, असे प्रमाणकच सांगते. म्हणजे फाइल सदोष नव्हती. पार्सरला ते अक्षर कळते, पण आमच्याकडे नोंदी माणसे वाचतात. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला तुम्ही सांगितलेली साधने उत्तम आहेत आणि रात्रीची एकगठ्ठा तपासणी मीही त्यांच्यावरच सोपवीन.

कोथरूडकर:
मग निदान दोन परवाने तरी घेऊ नका. एका वेळी किती जण वापरतात यावर मोजला जाणारा फ्लोटिंग परवानाही मिळतो. दोघे मुद्रितशोधक एकाच वेळी बसतात का?

शनिवारपेठी:
नाही. एक सकाळी येतात, दुसरे वामकुक्षी आटोपून चारनंतर.