मदत हवी आहे: तारीख उलटलेल्या पाकिटांपैकी काय ठेवू, काय टाकू?

पेठेतला_गोंधळ
कपाट आणि फ्रीज आवरताना चार गोष्टी निघाल्या. गव्हाच्या पिठाची ५ किलोची न फोडलेली पिशवी, 'बेस्ट बिफोर' उलटून ३ आठवडे झालेत. पनीरचं सीलबंद पाकीट, 'युज बाय' कालची. ५ दिवसांपूर्वी फोडलेला दुधाचा टेट्रापॅक, त्याला अजून ४ महिने आहेत. आणि गोडा मसाला, त्यावर नुसतंच 'पॅकिंगपासून ६ महिने'. शिवाय कोपऱ्यावरचं दुकान तारीख गेलेली पाकिटं अर्ध्या किमतीत देतं. घ्यावीत का?

लेबलवाचक
पनीर टाका, त्यात चर्चा नाही. 'युज बाय' किंवा 'एक्स्पायरी' ही सुरक्षिततेची तारीख. पनीरमध्ये ओल भरपूर, आणि लिस्टेरियासारखे जंतू फ्रीजच्या थंडाव्यातही वाढतात. वास-रंग बदलेलच असं नाही. तळून घेतलं की झालं, हाही गैरसमज. काही जंतूंनी सोडलेलं विष उष्णतेनं जात नाही.

'बेस्ट बिफोर' ही दर्जाची तारीख. त्यानंतर चव, वास, कुरकुरीतपणा उतरतो, पण पदार्थ लगेच अपायकारक होतो असं नाही. तुमचं पीठ आधी चाळा. जाळी, अळ्या, पोरकिडे दिसले तर विषय संपला. नसतील तर एकच पोळी भाजून बघा. कोंड्यातल्या आणि अंकुरातल्या तेलामुळे पीठ खवट होतं. जुन्या तेलासारखा वास किंवा कडवट चव आली तर सगळी पिशवी बाद.

टेट्रापॅक मात्र ओतून द्या. छापलेली तारीख फक्त बंद पाकिटाची असते. फोडलं की ते साधं दूध: फ्रीजमध्ये ठेवून २-३ दिवसांत संपवायचं. तारखेजवळची बारीक ओळ ('थंड, कोरड्या जागी', '५ अंशांखाली') लोक वाचतच नाहीत, आणि तारीख खरी ठरते ती त्या ओळीच्या अटीवर. एप्रिल-मेमध्ये गॅसशेजारच्या फडताळात ठेवलेल्या पाकिटाला ती लागू नाही.

खमंग_कोथरूड
मसाल्याबद्दल. पॅकिंगची तारीख बहुतेक वेळा पाकिटाच्या जोडावर किंवा तळाशी शाईनं मारलेली असते आणि हात लागून पुसते. तिरपं धरून टॉर्च मारा, ठसा दिसतो. मुदत म्हणून नुसता महिना-वर्ष असेल तर त्या महिन्याच्या अखेरपर्यंत धरा. आपल्याकडे आधी दिवस, मग महिना. अमेरिकेतून आलेल्या चॉकलेटवर उलटं असू शकतं, त्यामुळे '०५/०८' बघून घाई नको.

हळद-तिखटाचा मुदतीनंतर फार तर रंग-वास उतरतो. गोड्या मसाल्यात सुकं खोबरं आणि तीळ असतात, म्हणून तो आधी खवटतो. पावसाळ्यात ओला चमचा घातला असेल तर बुरशी. ती वरवर काढून उपयोग नाही, तंतू आत गेलेले असतात.

पेठेतला_गोंधळ
पनीर आणि दूध गेलं. पीठ चाळलं, स्वच्छ आहे, उद्या पोळी करून बघतो. एक राहिलं: गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली की फ्रीजमधल्या तारखांचं काय?

लेबलवाचक
दार उघडलं नाही तर साधारण ४ तास थंडावा टिकतो. त्याहून जास्त वेळ गेला तर दूध, पनीर, शिजवलेलं अन्न यांची तारीख विसरा, टाकून द्या. लोणचं, तूप, जॅम यांना काही होत नाही.

नियम_सांगतो
दुकानाबद्दल: एक्स्पायरी गेलेला माल विकणं बेकायदा आहे, सवलतीतही. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार 'एक्स्पायरी' किंवा 'युज बाय' सक्तीची, 'बेस्ट बिफोर' ऐच्छिक. म्हणून पाकिटावर दोन्ही शोधा. साखर, व्हिनेगर यांवर एक्स्पायरी नसेल तर घाबरू नका, त्यांना सूट आहे. सुट्या मिठाईच्या ट्रेवर 'बेस्ट बिफोर' लावणं ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक झालं. मिठाईच्या दुकानात बिनधास्त विचारा.

ऑनलाइन मागवत असाल तर माल हाती येताना मुदतीचा ३० टक्के भाग किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत, असं नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं गेलंय.

तक्रार करायची तर पाकीट फेकू नका. बिल, तारीख, बॅच नंबर आणि १४ आकडी परवाना क्रमांक यांचे फोटो काढा आणि 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर टाका. बिल नसेल तर तक्रार लंगडी पडते, म्हणून दहा रुपयांच्या पाकिटाचंही मागा.