नकाशातला रस्ता टेप लावून मोजा
शेजारी चारशे फ्लॅटचा प्रकल्प झाला तर गाड्या जाणार कुठून, ही रहिवाशांची काळजी अगदी खरी आहे. पण 'आपल्याला प्रकल्पाचे कागद बघायलाच मिळत नाहीत' असं म्हटलं जातं, ते पटलं नाही. बांधकाम 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर 2006 च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते, आणि त्या मंजुरीचा अर्ज 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर कुणालाही वाचता येतो. पार्किंग, पाणी, वाहतूक, सगळं त्यात लिहावं लागतं. अशा गृहप्रकल्पांना जनसुनावणी मात्र नसते, म्हणून हरकतीचं पत्र आपणच वेळेत द्यायला हवं.

पुण्यातल्या वाघोलीत आमच्या शेजारच्या प्रकल्पाचा अर्ज आम्ही असाच उघडला. नकाशात पोहोचरस्ता 18 मीटरचा. आम्ही चौघं रविवारी सकाळी टेप घेऊन गेलो, तर मधल्या तुकड्यात जेमतेम 6 मीटर भरला, कारण तिथली जागा अजून ताब्यातच आलेली नाही. शाळेची बस आणि पाण्याचा टँकर समोरासमोर आले की तिथे रोज पंधरा मिनिटं जातात. 'ट्रॅफिक वाढेल' एवढंच लिहिलेल्या आमच्या पहिल्या पत्राला उत्तर आलं नव्हतं. मोजमाप आणि फोटो जोडलेल्या दुसऱ्या पत्रानंतर अधिकारी जागेवर येऊन रस्ता बघून गेले.