मदत हवी आहे: भावाच्या मेंदूच्या गाठीची मॉलिक्युलर टेस्ट रेडिएशनच्या आधी करून घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

माझ्या मोठ्या भावाचं, वय ३८, मेंदूच्या गाठीचं ऑपरेशन नुकतंच झालं. अचानक फिट आली म्हणून एमआरआय केला आणि उजव्या फ्रंटल लोबमध्ये गाठ निघाली. बरीचशी काढली आहे. हात हलवण्याच्या भागाला लागून थोडी होती, ती सर्जननी मुद्दाम ठेवली. दादा आता घरी आहे, चालतो-बोलतो, फिटच्या गोळ्या चालू आहेत.

बायोप्सीच्या रिपोर्टवर असं आहे: ‘डिफ्यूज अ‍ॅस्ट्रोसायटोमा, ग्रेड २, एनओएस’ (मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींची, कमी ग्रेडची गाठ). त्याखाली आयडीएच१ आर१३२एच (आयडीएच१ जनुकातला एक ठराविक बदल) निगेटिव्ह, एटीआरएक्स (आणखी एक जनुक) रिटेन्ड म्हणजे शाबूत, केआय-६७ (पेशी किती वेगाने वाढताहेत त्याची खूण) चार टक्के. अगदी तळाला बारीक अक्षरात ‘मॉलिक्युलर तपासणी (गाठीतल्या जनुकीय बदलांची) सुचवली आहे’ एवढंच.

आता दोन डॉक्टरांची दोन मतं आहेत. एक म्हणतात, ग्रेड २ आहे, घाई नको, दर तीन महिन्यांनी एमआरआय करत राहू. दुसरे म्हणतात, आयडीएच निगेटिव्ह म्हणजे गाठ दिसते तेवढी सौम्य नाही, लगेच रेडिएशन आणि टेमोझोलोमाईड (केमोची गोळी) सुरू करा. दोघेही अनुभवी आहेत. पण तळाच्या त्या ओळीबद्दल कुणीच फारसं बोललं नाही, आणि मला राहून राहून वाटतंय की सगळं उत्तर तिथेच आहे.

तर मला विचारायचंय ते हे. ती टेस्ट येईपर्यंत उपचार थांबवले तर दादाचं नुकसान होईल का? आणि टेस्टमध्ये नेमकं काय आलं तर निर्णय बदलतो? उपयोग काहीच होणार नसेल तर वहिनीला अजून एका रिपोर्टची वाट बघायला लावायची माझी इच्छा नाही. ती आधीच रात्ररात्र जागी असते.

प्रतिसाद १

ताई, मी पॅथॉलॉजीत काम करते. तुमच्या दादांना तपासलेलं नाही, त्यामुळे निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. पण रिपोर्टचा अर्थ सांगते.

‘एनओएस’ लिहिलंय म्हणजे निदानाला लागणाऱ्या तपासण्या पुऱ्या झालेल्या नाहीत. २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात मोठ्यांच्या अशा गाठींचं नाव आणि ग्रेड फक्त मायक्रोस्कोपवर ठरत नाही, जनुकीय बदल बघावेच लागतात.

आता ते ‘निगेटिव्ह’. स्लाइडवर जो रंग लावतात तो आयडीएच१ मधला आर१३२एच हा एकच बदल पकडतो. ग्लायोमातल्या, म्हणजे अशा प्रकारच्या गाठींतल्या, आयडीएच बदलांपैकी साधारण ९० टक्के तोच असतो, पण बाकीचे त्या रंगात दिसत नाहीत. आयडीएच२ तर मुळीच नाही. ३८ व्या वर्षी, ग्रेड २ सारख्या दिसणाऱ्या गाठीत, रंग निगेटिव्ह आला म्हणून आयडीएच नॉर्मल आहे असं धरून चालू नये. सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुक अक्षर-अक्षर वाचणारी टेस्ट, हवंच.

पुढे रस्ते अगदी वेगळे होतात. दुर्मिळ आयडीएच बदल सापडला तर लगेच १पी/१९क्यू (क्रोमोसोम १ आणि १९ चे ठराविक तुकडे) बघायचं. दोन्ही तुकडे गळालेले असतील तर ती ऑलिगोडेंड्रोग्लायोमा नावाची गाठ, तिला केमो आणि रेडिएशन दोन्ही चांगले लागू पडतात. गळालेले नसतील तर अ‍ॅस्ट्रोसायटोमा, आणि मग सीडीकेएन२ए/बी (पेशींची वाढ आवरणारी जनुकं) तपासायचं. त्याच्या दोन्ही प्रती गेलेल्या असतील तर गाठ कितीही शांत दिसो, ग्रेड ४ धरतात.

आयडीएच खरंच नॉर्मल असेल आणि टर्ट जनुकाच्या प्रमोटरमध्ये (ते चालू करणाऱ्या भागात) बदल, ईजीएफआर जनुकाच्या वाढलेल्या प्रती, किंवा सातवं क्रोमोसोम जास्त नि दहावं कमी, यातलं एक जरी सापडलं, तर अशा गाठीला ग्लायोब्लास्टोमा (ग्रेड ४ ची आक्रमक गाठ) म्हणतात. तिथे तीन-तीन महिने नुसतं बघत बसणं चुकीचं ठरेल. यातलं काहीच नसेल तर बीआरएएफ, एफजीएफआर१ अशा जनुकांतले बदल शोधायचे. तरुण माणसात कधीकधी वेगळीच, सौम्य गाठ निघते.

म्हणजे दोन्ही डॉक्टरांपैकी कोण बरोबर हे टेस्टशिवाय सांगताच येणार नाही.

मूळ धागाकर्ती

इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. पण वेळेचं काय? दुसरे डॉक्टर लगेच म्हणाले त्याने आम्ही सगळे घाबरलोय.

प्रतिसाद २

माझ्या नवऱ्याच्या वेळी आम्ही यातूनच गेलो, म्हणून लिहिते. ऑपरेशननंतर जखम भरायला वेळ द्यावाच लागतो, रेडिएशन साधारण चार ते सहा आठवड्यांनी सुरू होतं. टेस्ट आजच पाठवली तर बहुतेक वेळा रिपोर्ट त्याच अवधीत येतो. तेव्हा डॉक्टरांना एवढंच विचारा: ‘रेडिएशनची तयारी चालू ठेवून, रिपोर्टनंतर पहिला डोस देता येईल का?’ आम्हाला लगेच हो म्हणाले.

अजून एक, आणि माझ्या मते हे फार महत्त्वाचं. आयडीएच बदल निघाला तर व्होरासिडेनिब नावाच्या गोळीबद्दल विचारा. २०२३ मध्ये तिची चाचणी प्रसिद्ध झाली. ग्रेड २ चे, गाठ शिल्लक असलेले किंवा पुन्हा आलेले रुग्ण त्यात होते. गोळी घेणाऱ्यांमध्ये आजार पुढे सरकेपर्यंतचा मध्य काळ २७.७ महिने होता, न घेणाऱ्यांमध्ये ११.१. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. पण चाचणीत फक्त ऑपरेशन झालेलेच लोक होते, रेडिएशन किंवा केमो घेतलेले नव्हते. म्हणून आधी काय आणि नंतर काय, या क्रमाला अर्थ आहे.

एमजीएमटी या जनुकाची तपासणीही त्याच टेस्टसोबत मागून घ्या. टेमोझोलोमाईड कितपत लागू पडेल याचा अंदाज त्यावरून येतो. मात्र दादांच्या वयात सगळा निर्णय त्या एका गोष्टीवर टांगू नका, वयस्कर रुग्णांमध्ये त्याचं वजन जास्त असतं.

मूळ धागाकर्ती

उद्याच हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीत जाऊन टिश्यूचा ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागते. वहिनी म्हणते ब्लॉक दोन आहेत, एक गाठीच्या मधला आणि एक काठाचा. मधलाच द्यायचा ना? आणि अख्खा देऊन टाकायचा का?

प्रतिसाद १

लेबल बघून ठरवू नका. ज्यात ट्यूमरच्या पेशी जास्त आहेत तो ब्लॉक निवडायला आणि स्लाइडवर ती जागा आखून द्यायला तिथल्या पॅथॉलॉजिस्टना सांगा. पेशी कमी पडल्या तर बदल असूनही टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. दुसरा ब्लॉक हॉस्पिटलमध्येच राहू द्या, आणि पाठवलेल्यातलं उरेल ते परत मागवा. रिपोर्टमध्ये ट्यूमरचं प्रमाण किती टक्के लिहिलंय तेही बघा. कमी असेल तर ‘बदल सापडला नाही’ या वाक्यावर विसंबण्याआधी पुन्हा विचारा.