मदत हवी आहे: एसीचा केबिन फिल्टर दर सर्व्हिसिंगला बदलण्यात अर्थ आहे का?

मंडळी, जाणकारांचं मत हवं आहे.

गाडी सर्व्हिसिंगला दिली की कामांच्या यादीत 'केबिन फिल्टर बदलणे' ही ओळ ठरलेली असते. का बदलायचा असं विचारलं की "खराब झालाय" एवढंच उत्तर मिळतं. किती खराब, कशावरून, ते कुणी दाखवत नाही. भाऊ म्हणतो, काढायचा, कंप्रेसरने हवा मारायची आणि परत बसवायचा, दर वेळी नवा कशाला? ऑफिसातल्या एकाने तर फिल्टर काढूनच टाकलाय. तेव्हापासून झोत कसा जोरात येतो हे तो सगळ्यांना सांगत असतो.

माझा प्रश्न खर्चाचा नाही. आईला धुळीची ॲलर्जी आहे. गाडीत बसून ब्लोअर सुरू केला की सुरुवातीची काही मिनिटं तिला सलग शिंका येतात, मग हळूहळू थांबतात. मागच्या सीटवर बसली तरी तेच. घरात असं होत नाही. त्यामुळे हा फिल्टर नक्की काय अडवतो आणि काय नाही, हे मला नीट समजून घ्यायचं आहे.

काल मी स्वतःच तो काढून पाहिला. माझ्या गाडीत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे आहे. कप्पा रिकामा करून त्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली लोंबतो, मागे एक लांबट झाकण दिसतं आणि त्याच्या आत फिल्टर सरकवलेला असतो. घड्यांमध्ये वाळक्या पानांचा चुरा होता, कापसासारखी लव होती, एका कडेला किड्यांचे पंख अडकले होते. एक बाजू मातकट राखाडी झाली होती, दुसरी मात्र बऱ्यापैकी पांढरी. उजेडात धरला तर प्रकाश आरपार येतो. हवेचा झोतही कमी झाल्यासारखा वाटत नाही. मग याला खराब म्हणायचं का? आणि बदलायचाच असेल तर साधा घ्यावा की कार्बनवाला?

— स्वाती

जुना मेकॅनिक:

स्वातीताई, इंजिनाचा एअर फिल्टर वेगळा आणि हा वेगळा. हा तुंबला म्हणून इंजिनाला काही होत नाही. गाडीची ताकद वाढेल, ॲव्हरेज सुधारेल असं सांगून कुणी हा फिल्टर विकत असेल तर ऐकू नका.

पण पार तुंबेपर्यंत वापरण्यातही शहाणपणा नाही. आधी झोत मंदावतो, मग माणूस पंखा एकवरून तीनवर नेतो. पावसाळ्यात काचेवर धरलेली वाफ लवकर जात नाही. बऱ्याच गाड्यांमध्ये ब्लोअरचा रेझिस्टर, म्हणजे पंख्याचा वेग कमी ठेवणारा विजेचा भाग, त्याच हवेच्या वाटेत बसवलेला असतो आणि त्या हवेनेच थंड राहतो. हवा कमी पडली की तो तापून जळतो, मग पंखा फक्त सर्वांत मोठ्या वेगावरच चालतो. असे रेझिस्टर मी बदलले आहेत आणि फिल्टर बाहेर काढला तर तो अगदी तुंबलेला निघालेला आहे.

फिल्टर काढूनच टाकायचा हा प्रकार मात्र कृपा करून करू नका. एसी चालू असताना कूलिंग कॉइल कायम ओली असते. फिल्टर नसला की धूळ आणि पानांचा चुरा थेट तिच्या पत्र्यांवर जाऊन चिकटतो आणि त्याचा लगदा होतो. बऱ्याच गाड्यांत ती कॉइल बाहेर काढायची तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. तुमच्या मित्राला आज झोत छान वाटतोय, पण तो फिल्टरचं काम कॉइलकडून करून घेतोय.

तंतू:

मी गाळणमाध्यमांच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कारण 'उजेड आरपार दिसतो' या कसोटीवर बरेच जण फसतात.

हा फिल्टर चाळणीसारखा चालत नाही. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो, परागकण बहुतेक १० ते १०० मायक्रॉनचे. फुप्फुसात खोलवर जाणारी धूळ २.५ मायक्रॉनहून बारीक असते. तंतूंमधल्या फटी या बारीक कणांच्या मानाने खूप मोठ्या असतात, तरीही कण अडकतात, कारण वळणावळणाच्या वाटेने जाताना ते तंतूंवर आदळून चिकटतात. शिवाय चांगल्या फिल्टरच्या तंतूंना कारखान्यातच स्थिर विद्युतभार दिलेला असतो, तो बारीक कणांना ओढून धरतो.

हा भार डोळ्यांना दिसत नाही. धुळीचा थर, दमट हवा आणि वापर यांनी तो उतरत जातो. म्हणजे झोत उत्तम, उजेड आरपार, आणि तरीही फिल्टर बारीक धूळ पूर्वीइतकी धरत नाही, अशी अवस्था येऊ शकते. पानं आणि केस तो तेव्हाही अडवत असतो. पण ॲलर्जी असलेल्या माणसाला त्रास देणारे कण त्याहून बरेच लहान असू शकतात.

म्हणून हवा मारण्याचा उपाय मला पटत नाही. वरवरचा कचरा झटकून टाकायला हरकत नाही, पण कंप्रेसरच्या दाबाने तंतू फाटतात, घड्या विस्कटतात आणि आतली धूळ उडून तुमच्याच नाकात जाते. पाण्याने धुणं तर त्याहून वाईट. गेलेला भार यातल्या कशानेच परत येत नाही.

कार्बनचं म्हणाल तर तो धुळीसाठी नाही, वास आणि काही वायूंसाठी आहे. पुढच्या ट्रकचा धूर, गटाराचा वास, ओझोन, नायट्रोजन डायऑक्साइड यांवर त्याचा उपयोग होतो. मात्र तो भरला की भरला, आणि बाहेरून दिसायला तसाच राहतो. कार्बन मोनॉक्साइड तो अडवत नाही, त्यामुळे कार्बन फिल्टर आहे म्हणून बंद जागेत इंजिन चालू ठेवून बसायचं नाही. आईंच्या शिंकांसाठी धूळ धरणारा भाग चांगला असणं जास्त महत्त्वाचं. दोन्ही थर एकत्र असलेला, गाडीच्या मापाचा फिल्टर मिळाला तर उत्तम. फक्त 'हेपा' (अतिबारीक धूळ धरणारा दाट फिल्टर) शब्द पाहून जाडजूड काहीतरी कोंबू नका. ब्लोअर त्या हिशेबाने बनवलेला नसेल तर झोत पडतो, आणि कडा नीट बसल्या नाहीत तर हवा फिल्टरला बगल देऊन जाते.

हायवे:

दर सर्व्हिसिंगला बदलायची गरज मला वाटत नाही. मॅन्युअल उघडून पाहा. बऱ्याच कंपन्या १५,००० ते २०,००० किमी किंवा एक वर्ष यांपैकी जे आधी होईल ते, अशा हिशेबाने सांगतात. कच्च्या रस्त्यावर किंवा बांधकामाच्या धुळीत गाडी रोज फिरत असेल तर त्याआधी. गाडी उभी राहत असली तरी वर्षाचा हिशेब सोडू नका, दमट फिल्टरला वास धरतो.

अनुजा के.:

शिंका फक्त सुरुवातीची काही मिनिटं येतात हे वाचून मला फिल्टरइतकीच कॉइलचीही शंका येते. गाडी बंद केल्यावर ओल्या कॉइलवर आणि आतल्या वाटेत बुरशी वाढते, आणि ब्लोअर सुरू होताच तिथला पहिला झोत थेट तोंडावर येतो. एसी लावल्या लावल्या कुबट वास येतो का? तसं असेल तर नवा फिल्टर टाकूनही त्रास पूर्ण जाणार नाही. मुक्कामाला पोहोचायच्या थोडं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, म्हणजे कॉइल वाळते. आणि सुरुवातीला दोन-तीन मिनिटं काचा खाली ठेवून ब्लोअर चालवा, आईंना त्यानंतरच बसू द्या. आमच्याकडे मुलाला दमा आहे, आम्ही हे न चुकता करतो.

तंतू:

अनुजाताईंचा मुद्दा अगदी योग्य. त्यात एक जोडतो. धुळीच्या रस्त्यावर आतली हवा फिरवायचं बटण दाबा. बऱ्याच गाड्यांत ती हवा पुन्हा पुन्हा फिल्टरमधून जाते आणि आतली धूळ लवकर कमी होते. पण चार-पाच माणसं असतील तर ते तासन्‌तास चालू ठेवू नका. कार्बन डायऑक्साइड साठतो, डोकं जड होतं, चालकाला पेंग येते. अधूनमधून बाहेरची हवा आत घ्या.

स्वाती:

सगळ्यांचे मनापासून आभार. धूळ आणि कार्बन असे दोन्ही थर असलेला फिल्टर आणून बसवला. कडेवर हवेच्या दिशेचा बाण असतो, जुन्यावरही होता, त्याकडे बघूनच बसवला. बसवण्याआधी आतला कप्पा व्हॅक्यूमने साफ केला, तिथेही बराच चुरा निघाला. आता आईच्या शिंका स्पष्ट कमी झाल्या आहेत, पण पूर्ण थांबलेल्या नाहीत. आणि हो, अनुजाताई, कुबट वास येतोच. मुद्दाम लक्ष ठेवलं तर आणखी एक गोष्ट दिसली. एसी बराच वेळ चालवून गाडी उभी केली तरी खाली पाणी ठिबकत नाही. याचा वासाशी संबंध असेल का?

जुना मेकॅनिक:

असू शकतो, आणि यात दिरंगाई करू नका. हवा अगदी कोरडी असेल तर पाणी कमी पडतं, पण दमट दिवसातही थेंब नसेल तर कॉइलखालची पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली असणार. मग पाणी आतच साचतं आणि बुरशीला आयतीच जागा मिळते. पुढच्या सीटसमोरची दोन्हीकडची मॅट उचलून खालचा गालिचा हाताने दाबून पाहा. ओला लागला तर आधी नळी मोकळी करून घ्या आणि कॉइल फोमने साफ करायची ती त्यानंतर. उलट क्रमाने केलं तर फोमचं पाणीही आतच राहील. काम करताना नवा फिल्टर बाहेर काढून ठेवायला सांगा, भिजला तर तो वाया जाईल.