दोन केमोंमध्ये २१ दिवस का थांबतात?

प्रश्न: आईची पहिली केमो होऊन आज नऊ दिवस झाले. पुढची २१ दिवसांच्या हिशेबाने. मधल्या काळात गाठ वाढली तर? झोप उडालीय माझी.

उत्तर: मी स्वतः केमोच्या सहा सायकल (फेऱ्या) घेतल्यात, हीच भीती मलाही होती. केमोचं औषध भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतं. कॅन्सरच्या पेशी तशा, पण केसांची मुळं, तोंडातलं अस्तर आणि अस्थिमज्जाही (हाडांच्या आतला रक्तपेशी तयार करणारा मऊ भाग) तशीच. माझे केस सतराव्या दिवशी उशीवर पुंजक्याने सापडले, तेव्हा हे खरं कळलं. मज्जेला पुन्हा रक्तपेशी तयार करायला वेळ लागतो, म्हणून ही सुट्टी. काही औषधं दर आठवड्यालाही देतात.

उत्तर: जंतुसंसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत सगळ्यात खाली जातात, म्हणजे तुम्ही ऐन त्याच दिवसांत आहात. थर्मामीटर उशाशी ठेवा. ताप १००.४ फॅरनहाइट झाला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी लगेच डॉक्टरांना फोन करा. आपल्या मनाने तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघू नका. आम्ही बघितली होती, आमच्या पेशंटला आठ दिवस अ‍ॅडमिट राहावं लागलं.

प्रश्नकर्ती: आत्ताच मोजला, ९८.२ आहे. डॉक्टरांचा रात्रीचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय.